टॅपेट वाजू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या फोक्सवॅगन कॅम्पर गाड्यांवर आलेला लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, छप्पर उचलून झोपायची सोय कशी असते तेही छान समजावलंय. पण लेखाच्या शेवटी चौकटीत एक सल्ला आहे: इंजिनातून टिकटिक ऐकू आली तर गाडी गरम असतानाच टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) आवळून घ्यावेत, आवाज जातो. आवाज जातो हे खरंच. पण त्यापाठोपाठ जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जातो, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टन आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) हेही. गरम इंजिनावर मोजणं ही एक चूक, आवाज थांबेपर्यंत आवळणं ही दुसरी, आणि दोन्हींचा परिणाम एकच: फट गरजेपेक्षा कमी राहते. कोणी ती चौकट कापून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवण्याआधी हे पत्र छापावं ही विनंती. पत्र लांबलं आहे, पण हे काम अर्धंमुर्धं सांगून उपयोगाचं नाही.

आधी गाडी कोणती ते. फोक्सवॅगनची 'टाइप २' व्हॅन १९५० पासून जर्मनीत बनू लागली. इंजिन मागे, बसकं, चार सिलिंडरचं. दोन सिलिंडर उजवीकडे आडवे, दोन डावीकडे. रेडिएटर नाही, पाणी नाही, पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारं. १९६७ पर्यंत पुढची काच दोन तुकड्यांची, त्यानंतर १९७९ पर्यंत एकसंध आणि फुगीर. युरोपातली तरुण मंडळी याच गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत गोव्यात हणजूण-कळंगुटला येऊन थडकायची. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं आणि तो रस्ता मिटला. आज आपल्याकडे या गाड्या थोड्याच आहेत, पण ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियात राहणारी मराठी माणसं हौसेने त्या घेतात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे मालकाने स्वतः बघितलं नाही तर कोणीच बघत नाही. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला विंटेज क्रमांक मिळतो, मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तेव्हा आहे ते इंजिन सांभाळणं इथेही आलंच.

आता आवाजाचं. उंचवटे असलेला कॅमशाफ्ट फिरतो, दट्ट्यामार्फत (खरा टॅपेट तो) पुशरॉड नावाची नळी ढकलतो, रॉकर नावाची तरफ झुलते आणि व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरवरच्या स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते. ती फट मिटताना स्क्रू दांड्यावर आपटतो, तीच टिकटिक. शिवणयंत्र चालल्यासारखा हलका, एकसारखा आवाज या इंजिनाचा ठरलेला आवाज आहे. फट जास्त झाली तर आवाज वाढतो, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, पिकअप थोडा मार खातो, स्क्रूची टोकं झिजतात. वाईटच, पण महिनाभर चाललं तरी आभाळ कोसळत नाही.

फट कमी झाली तर मात्र काहीच ऐकू येत नाही. इंजिनाचे मिनिटाला ३६०० फेरे होत असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ३० वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरून जळता वायू जातो. ती उष्णता बाहेर काढायला त्याला मुख्य वाट एकच, मिटल्यावर हेडमधल्या सीटला टेकणं. फट नसेल तर तो पुरता टेकत नाही किंवा टेकण्याचा वेळ तुटतो. मग काठ जळतो, दांडा लाल होऊन ताणला जातो. ताणला की लांब होतो, लांब झाला की उरलीसुरली फटही खातो. सीट हेडमध्ये रुतली तरी तेच होतं, दांडा रॉकरकडे सरकतो. स्क्रू, रॉकर, टॅपेट झिजले तर फट वाढते आणि इंजिन बोंबलतं. व्हॉल्व्ह किंवा सीट बिघडली तर फट घटते आणि इंजिन गप्प होतं. म्हणून या गाडीत एखादं टॅपेट आपोआप शांत झालं तर धास्ती घ्यावी. शेवटी दांड्यापासून व्हॉल्व्हचं डोकं तुटतं, पिस्टनवर पडतं, त्याला भोक पाडतं, आणि धातूचे कण शेजारच्या सिलिंडरपर्यंत पोहोचतात.

हे सर्वांत आधी तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टवर होतं. ऑगस्ट १९७० च्या आधीच्या १६०० इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या डब्यातच, डाव्या बाजूला उभा असतो. तिसऱ्या सिलिंडरला जाणारा वारा त्या तापलेल्या कूलरमधून गाळून येतो. पुढे कूलर बाजूला काढून त्याला वाऱ्याची वेगळी वाट दिली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. काही डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) तिसऱ्याची ठिणगी मुद्दाम जरा उशिरा ठेवलेली असते तीही याच कारणाने.

गरम इंजिनावर का मोजायचं नाही? तापल्यावर सिलिंडर आणि हेड फुगून बाहेर सरकतात. पुशरॉड ॲल्युमिनियमचे दिलेत ते या फुगण्याला साथ द्यावी म्हणून, तरी गरम इंजिनात फट थोडी वाढलेलीच दिसते. ती वाढलेली फट नेमून दिलेल्या ०.१५ मि.मी. वर आणून ठेवली की थंड झाल्यावर तिथे जवळपास काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारताना व्हॉल्व्ह किंचित उघडाच. फोक्सवॅगनचे आकडे थंड इंजिनाचे आहेत. गाडी रात्रभर उभी हवी आणि हेडवर तळहात निवांत ठेवता आला पाहिजे. काम सकाळी चहाआधी करावं, दुपारच्या उन्हात नाही.

आकडे सांगण्याआधी इंजिन ओळखायला हवं, कारण याच व्हॅनमध्ये दोन वेगळ्या घराण्यांची इंजिनं आली. मागचं झाकण उघडल्यावर पंख्याचा मोठा पत्र्याचा डबा उभा दिसला आणि त्याच्या मागच्या अंगाला, मध्यावर, डायनॅमो किंवा अल्टरनेटर बसलेला असला, तर ते बीटलच्या कुळातलं 'टाइप १' इंजिन: १२००, १५०० किंवा १६०० सीसी. पंखा थेट क्रॅंकच्या टोकाला, सगळं इंजिन चपटं आणि अल्टरनेटर खाली बाजूला असेल तर ते 'टाइप ४': १७००, १८०० किंवा २००० सीसी. टाइप १ मध्ये केसवर (इंजिनाच्या मुख्य कवचावर), डायनॅमोच्या बैठकीखाली, इंजिन क्रमांक ठोकलेला असतो. एडी, एई, एएस ही अक्षरं प्रत्येक हेडला इनटेकची दोन तोंडं असलेल्या १६०० ची. टाइप ४ वर सीए, एपी, सीजे अशी अक्षरं सापडतात.

१६०० च्या टाइप १ साठी इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह) आणि एक्झॉस्ट दोन्हींची फट ०.१५ मि.मी. जुन्या काही गाड्यांच्या पंख्याच्या डब्यावर ०.१० चा स्टिकर असतो. कंपनीनेच नंतर तो आकडा वाढवून ०.१५ केला, तेव्हा स्टिकरवर जाऊ नये. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या १२०० इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, तिथे त्या वर्षाचं मॅन्युअलच काढावं. टाइप ४ मध्ये इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मि.मी. १९७८ पासूनच्या काही २००० सीसी इंजिनांत तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तिथे फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पातींच्या जुडीचं) कामच नाही, सेटिंगची पद्धतच निराळी. इंजिन कोणी खोलून क्रोमोलीचे पोलादी पुशरॉड घातले असतील तर ते ॲल्युमिनियमइतके लांबत नाहीत आणि गरम झाल्यावर फट बरीच वाढते, म्हणून थंड असताना ती जवळजवळ शून्य ठेवतात. म्हणजे जुनी गाडी विकत घेताना आत कोणते पुशरॉड आहेत हे विचारून घ्यावं. मालकाला ठाऊक नसेल तर पुशरॉडला लोहचुंबक लावून पाहावं. मूळ पुशरॉडची फक्त टोकं पोलादी असतात, मधल्या नळीला चुंबक चिकटत नाही.

इंची आणि मेट्रिकचा घोळ इथे नेहमी होतो. इंग्रजी पुस्तकात ०.००६ इंच असतं. वर्कशॉपच्या भाषेत सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश. सहा थाऊ म्हणजे ०.१५ मि.मी. 'सहा' हा आकडा डोक्यात ठेवून ०.०६ मि.मी.ची पात घातली की कमी फटीचा तोच सगळा प्रकार घडतो, आणि पुस्तक बघून केलं म्हणून मिस्त्री निर्धास्त.

आता सिलिंडरांचे क्रमांक. इंजिन मागे असल्यामुळे 'पुढचं' आणि 'मागचं' यात भलेभले फसतात. गाडीच्या मागे, इंजिनाकडे तोंड करून उभं राहा. तुमचा उजवा हात तो गाडीचाही उजवा. उजवीकडचा लांबचा, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, सिलिंडर १, जवळचा २. डावीकडचा लांबचा ३, जवळचा ४. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे याच्याशी या क्रमांकांचा संबंध नाही. 'पॅसेंजर साइड' असं लिहिलेलं पुस्तक वाचून आपल्याकडे किंवा ब्रिटनमध्ये काम केलं तर उलट्या हेडवर जाल.

एका हेडवर चार रॉकर ओळीने. टाइप १ मध्ये ओळीची दोन्ही टोकं एक्झॉस्ट, मधले दोन इनटेक. उजव्या हेडवर पुढून मागे: एकचा एक्झॉस्ट, एकचा इनटेक, दोनचा इनटेक, दोनचा एक्झॉस्ट. डाव्या हेडवर तसंच, तीन आणि चारचे. पाठांतरावर भरवसा नसेल तर पाइपांवरून ओळखा. कार्बोरेटरकडून येणारं मॅनिफोल्ड वरून हेडच्या मधोमध उतरतं, म्हणून इनटेक मध्ये. एक्झॉस्टची तोंडं हेडच्या दोन टोकांना. मागच्या सिलिंडरचा पाइप सरळ सायलेन्सरमध्ये जातो, पुढच्याचा हीट एक्स्चेंजरमधून (गाडीच्या हीटरसाठी हवा तापवणाऱ्या डब्यातून) फिरून. टाइप ४ वर तर पाइप बघूनच ठरवावं, कारण तिथे दोन आकडे आहेत आणि अदलाबदल झाली तर एक्झॉस्टला कमी फट मिळते. खडूने प्रत्येक रॉकरसमोर पत्र्यावर 'इ' आणि 'ए' लिहून ठेवण्यात कमीपणा नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. १३ चा रिंग पाना, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, ०.१०, ०.१५ आणि ०.२० च्या पाती असलेलं फीलर गेज, पुली फिरवायला डायनॅमोच्या नटावर लावायचा २१ चा पाना, व्हॉल्व्ह कव्हरची बुचाची दोन नवी पॅकिंगं, चिंध्या आणि तेल झेलायला पसरट ट्रे. गाडी गिअरमधून काढून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून अटकण लावा. किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. हाताने इंजिन फिरवताना ठिणगी पडायला नको. जमिनीपासून व्हॅन इतकी उंच असते की जॅकशिवायही खाली सरकता येतं. जॅक लावलाच तर खाली घोडी (टेकू देणारा स्टँड) हवीच, नुसत्या जॅकवर कोणी गाडीखाली जाऊ नये.

चारही स्पार्क प्लग काढले तर इंजिन दोन बोटांनी फिरतं. प्लग काढण्याआधी भोवतीची धूळ हवा मारून उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. परत बसवताना पहिले काही आटे हाताने फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे एकदा तिरके गेले की हेड उतरवून नव्या आट्यांचं इन्सर्ट घालण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे पिस्टन टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, आत फिरणारा रोटर दिसेल. मागून बघताना पुली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. पुलीवरची खाच केसच्या मधल्या सांध्यासमोर आली आणि रोटरचं तोंड डिस्ट्रिब्युटरच्या काठावरच्या बारीक खाचेकडे असलं, की एक नंबर आला. रोटर नेमका उलट्या बाजूला असेल तर तुम्ही तीन नंबरवर आहात. पुलीचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. पण एवढ्यावर थांबू नका. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर कोणीतरी कधीतरी काढून मनाला येईल तसा बसवलेला असतो आणि वायरी त्याप्रमाणे सरकवलेल्या असतात, तेव्हा ती काठावरची खाच खोटं बोलते. एक नंबरच्या प्लगची वायर हाताने टोपीपर्यंत चाचपत जा आणि रोटर त्या वायरीकडे बघतोय ना ते पाहा. पुलीवर दोन-तीन खाचा असल्या, किंवा असलेली खाच वरच्या टोकानंतर ५ अंशांची असली, तरी घाबरायचं कारण नाही. त्या जागी कॅमचा उंचवटा नसलेला गोल भाग दट्ट्याखाली असतो, पाच-दहा अंशांनी फट बदलत नाही. टायमिंग करताना मात्र या खाचा नीट ओळखाव्या लागतात.

व्हॉल्व्ह कव्हर तारेच्या कडीने धरलेलं असतं. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने कडी खाली दाबली की सुटते. कव्हरसोबत थोडं तेल खाली येतं, ट्रे आधी ठेवा. उजवं कव्हर काढा आणि एक नंबरचे दोन्ही रॉकर चिमटीत धरून हलवा. दोन्ही अगदी बारीक टकटक करत हलले पाहिजेत. एक जरी घट्ट वाटला तर दोन गोष्टी संभवतात: तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात, किंवा त्या व्हॉल्व्हची फट आधीच संपली आहे. रोटर पुन्हा बघा. फेरा बरोबर असूनही रॉकर घट्ट असेल तर तो व्हॉल्व्ह लक्षात ठेवा.

लगेच स्क्रूला हात लावू नका. आहे ती फट आधी मोजा आणि वहीत लिहा. आठ व्हॉल्व्ह, आठ आकडे, तारीख, किलोमीटर. या कामातली सर्वांत उपयोगी पायरी हीच आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच. मोजून न ठेवता सेट केलं की पुरावा पुसला जातो. एखादा एक्झॉस्ट मागच्या खेपेला ०.१५ केला होता आणि आता ०.१० भरतोय, पुन्हा सेट केला, पुढच्या खेपेला पुन्हा ०.१०. तो व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट रुततेय. असं लागोपाठ दोनदा झालं तर हेड उतरवा. हेडच्या कामाला पैसे लागतात, पण केस आणि पिस्टनसकट इंजिन बांधायला लागतात त्याच्या मानाने किरकोळ.

मोजायची रीत अशी. ०.१५ ची पात स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये सरळ घाला, तिरकी नको. शिवलेल्या जाड वहीतून एखादं सुटं पान ओढताना जेवढं अडखळतं तेवढी ती अडखळली पाहिजे. सैल सरकली तर फट जास्त, ढकलावी लागली तर कमी. हाताचा अंदाज नसेल तर ०.२० ची पात घालून बघा, ०.१५ जाते आणि ०.२० जात नाही, म्हणजे झालं. फट बदलायची असेल तर १३ च्या पान्याने चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) जरा ढिला करा आणि स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू फिरवा. आट्याची पिच १ मि.मी. आहे, म्हणजे पूर्ण फेऱ्याला १ मि.मी. सरक. ०.०५ मि.मी. हवी असेल तर फक्त १८ अंश, घड्याळातल्या तीन मिनिटांएवढं. स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून नट आवळा आणि पात पुन्हा घाला. नट आवळताना आट्यातली ढिलाई निघते आणि फट हमखास हलते. पहिल्या प्रयत्नात बरोबर आलं असं वाटलं तरी तपासा. दोन-तीनदा करावं लागणं यात काही विशेष नाही.

पात व्यवस्थित अडखळते, तरीही तो टॅपेट इतरांपेक्षा जास्त वाजतो, असं झालं तर स्क्रूचं टोक बघा. वर्षानुवर्षं आपटून टोकाला मध्ये खळगा पडतो. सपाट पात त्या खळग्यावर पूल टाकल्यासारखी बसते, खाली मोकळी जागा उरतेच, पातीवर ०.१५, प्रत्यक्षात ०.२५. असे स्क्रू घासून सरळ करत बसू नका, बदला. आठही एकदम. वाटीत फिरणाऱ्या गोळीच्या टोकाचे स्क्रू मिळतात, ते बरे पडतात, फक्त रॉकर शाफ्टची मांडणी त्यांच्यासाठी जुळवावी लागते. शाफ्ट काढलाच असेल तर टाइप १ मध्ये त्याचे नट २५ न्यूटन-मीटरला आवळतात, जास्त नाही.

एक झाला की पुली बरोबर अर्धा फेरा. पुलीवर खाचेच्या नेमकं समोर पांढऱ्या रंगाचा ठिपका करून ठेवला तर अर्धा फेरा डोळ्यांनी कळतो. मॅन्युअलमध्ये पुली उलटी फिरवून १, २, ३, ४ असा क्रम दिलेला असतो. तो बरोबर आहे. पण डायनॅमोच्या नटावर पाना लावून उलटं फिरवलं तर तो नट ढिला होतो किंवा बेल्ट घसरतो. त्यापेक्षा सुलट, घड्याळाच्या दिशेने फिरवून फायरिंगच्याच क्रमाने जावं: १, ४, ३, २. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला रोटर पाव फेरा पुढे सरकतो. एकनंतर चार, म्हणजे गाडीखालून डावीकडे जावं लागतं, मग तीन, मग पुन्हा उजवीकडे दोन. थोडं सरपटणं वाढतं इतकंच. प्रत्येक वेळी आधी दोन्ही रॉकर चिमटीत हलवून बघायचे, मग पात. तीन नंबरचा एक्झॉस्ट ०.१५ ऐवजी ०.२० ठेवणारे जुने फिटर आहेत. जुन्या कूलरच्या इंजिनात त्यांचं चुकत नाही. टिकटिक किंचित वाढते आणि व्हॉल्व्हला श्वास मिळतो.

कव्हर लावताना जुनं बुचाचं पॅकिंग खरवडून पूर्ण काढा. नव्याला फक्त कव्हरच्या बाजूने गम लावा, हेडच्या बाजूला पुसटसं ग्रीस. दोन्ही बाजूंना गम लावला तर पुढच्या खेपेला ते तुकड्यातुकड्याने निघतं. कडी वर चढवल्यावर कव्हर हाताने हलवून नीट बसल्याची खात्री करा. बोल्टने आवळायची चकचकीत ॲल्युमिनियमची कव्हरं बाजारात मिळतात. बऱ्याच वेळा ती गळतात आणि गळलेलं तेल खालच्या गरम हीट एक्स्चेंजरवर पडून गाडीत जळकट वास येतो. मूळ पत्र्याची कव्हरं सोडू नयेत. टाइप १ च्या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर आणि कागदी फिल्टर नाही, फक्त जाळी. गळती परवडत नाही.

टॅपेट आधी, मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.४ मि.मी., मग टायमिंग (ठिणगीची वेळ), कार्बोरेटर सर्वांत शेवटी. उलट क्रमाने केलं तर एकाचा दोष दुसऱ्याच्या स्क्रूने झाकला जातो. गरम झाल्यावर आयडलिंगला गाडी मिसिंग मारते आणि कार्बोरेटरचे स्क्रू कितीही फिरवले तरी सुधारत नाही, अशा तक्रारीत पुष्कळदा एखादा घट्ट व्हॉल्व्ह निघतो. कार्बोरेटरमध्ये शिंकल्यासारखं होत असेल तर इनटेककडे बघा, सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल तर एक्झॉस्टकडे.

किती दिवसांनी? मॅन्युअलनुसार साधारण १०,००० किलोमीटरला. आपल्या उन्हात आणि घाटात दर ५,००० ला, ऑइल बदलतानाच करून टाकावं. हेडचं काम नुकतंच झालं असेल तर पहिल्या ५०० ला. आणि नुसती फट ठेवून भागत नाही, वारा नीट मिळायला हवा. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेची रबर-फोमची पट्टी इंजिनखालची गरम हवा वर पंख्याकडे येऊ देत नाहीत. रंगकाम करताना हे पत्रे 'एक्स्ट्रा' म्हणून काढून टाकलेल्या गाड्या दिसतात. त्या गाड्या स्वतःचीच गरम हवा ओढत असतात. घाट चढताना वरच्या गिअरमध्ये गुरगुरत नेण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये फेरे वाढवून न्यावं. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो, फेरे पडले की वाराही पडतो. वरंध किंवा आंबोली चढून वर आल्यावर लगेच किल्ली फिरवून बंद करू नये, मिनिटभर आयडलिंगला राहू द्यावं.

राहिला प्रश्न त्यांचा, ज्यांनी ती चौकट वाचून टॅपेट आधीच आवळून घेतले असतील. त्यांनी गाडी आहे तिथेच उभी ठेवावी आणि 'तोवर गॅरेजपर्यंत नेतो' असं करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टार्टर न मारता, वर सांगितल्याप्रमाणे आठही व्हॉल्व्ह मोजून लिहावेत आणि मग आपल्या इंजिनाच्या आकड्यावर (१६०० च्या टाइप १ ला ०.१५) आणावेत. त्यानंतर इंजिन गरम करून, कार्बोरेटरचं थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेजने मोजावं. चारही जवळपास सारखे आले तर वेळेवर सुटलात. एखादा इतरांपेक्षा ठळक कमी आला तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा घ्या. वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह जळलाय आणि ते हेड उतरवावं लागेल. पुढच्या रविवारी आपण चौकटीच्या जागी चौकट छापून दुरुस्ती द्यावी. मजकूर मोठा नको, 'थंड इंजिन, १६०० च्या टाइप १ ला ०.१५ मि.मी., आवाज राहू द्या' एवढा पुरे.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे